पिवळा बावटा चढला की

वडखळहून अलिबागकडे निघालं की धरमतरचा पूल लागतो. खाली अंबेच्या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कोळसा आणि खनिज घेऊन बार्ज ये-जा करत असतात. यातला बराच माल बाहेर समुद्रात नांगरलेल्या मोठ्या जहाजांवरून उतरलेला असतो. परदेशाहून आलेलं असं जहाज बंदरात शिरताना एक कोरा पिवळा बावटा चढवतं. तो ‘क्यू’ अक्षराचा. म्हणजे, आमच्याकडे सगळे निरोगी आहेत, आत येऊ द्या. आणि एके काळी हाच पिवळा रंग जहाजावर रोगाची साथ असल्याची खूण होता!

‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे आपण कोकणात पावसाळाभर ऐकतो. तो बंदरावरचा, वादळी हवेचा इशारा. जहाजांची आपसातली बोली निराळी. 1857 मध्ये ब्रिटनमध्ये ती 18 बावट्यांनिशी सुरू झाली. या बोलीची आजची संहिता 1 एप्रिल 1969 पासून लागू आहे. अक्षरांचे 26 बावटे, आकड्यांचे 10. रंग मात्र पाचच: लाल, पिवळा, निळा, काळा, पांढरा. लांबून, समुद्राच्या चकाकीतही डोळा चुकू नये म्हणून निवडलेले. त्यांचं देखणेपण या गरजेतूनच आलं आहे.

निकडीचा निरोप एकाच बावट्यात मावतो. तिरपा कापलेला लाल-पिवळा ‘ओ’: माणूस पाण्यात पडलाय. लाल-पांढऱ्या चार चौकटींचा ‘यू’: तुम्ही संकटाकडे चालला आहात. निळ्यात पांढरा चौकोन असलेला ‘पी’ मला सगळ्यांत आवडतो. बंदरात तो दिसला की खलाशांनी जहाज गाठायचं, कारण ते सुटणार आहे.

पण खरी कमाल पुढेच आहे. समजा, जहाजावर बावट्यांचा एकच संच आहे आणि कप्तानाला ‘एम-ए-ए’ सांगायचं आहे, म्हणजे ‘तातडीचा वैद्यकीय सल्ला हवा’. ‘ए’ तर एकच! मग ‘एम’, त्याखाली ‘ए’ आणि त्याखाली एक निळा-पांढरा त्रिकोणी बावटा चढतो. तो म्हणतो, वरून दुसरं अक्षर पुन्हा वाचा. समोरच्या जहाजावरचा अधिकारी जपानी असो की ग्रीक, तो आपल्या भाषेतलं संहितेचं पुस्तक उघडतो आणि दुखणाईताचा निरोप त्याला एक शब्दही न बोलता कळतो.