गाठी मोजायच्या राहिल्या

आपल्याकडे शेतीतल्या नॅनोकणांची गोष्ट सुरू झाली ती बुरशीपासून. २००१ च्या सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि सहकारी बुरशांकडून धातूंचे अतिसूक्ष्म कण बनवून घेऊ लागले. त्यातली एक फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम. हरभऱ्यावर मर आणणारी बुरशी ती हीच. पुढे अमरावती विद्यापीठातल्या महेंद्र राय यांच्या गटाने चांदीच्या कणांची जंतुनाशक ताकद तपासली. ताकद मोठी होती. पण जे रोगाच्या बुरशीला मारतं ते ट्रायकोडर्मासारख्या उपयोगी बुरशीला आणि मुळांवरच्या गाठींत नत्र स्थिर करणाऱ्या रायझोबियम जिवाणूंना सोडेल का, हा प्रश्न तेव्हाच मोठ्याने विचारायला हवा होता.

तो विचारला गेला अमेरिकेत. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी नॅनोकण मिसळलेल्या मातीत सोयाबीन पेरून शेंगा पक्व होईपर्यंत वाढवलं. जस्ताच्या ऑक्साइडमधलं जस्त पानांत आणि दाण्यांत पोचलं. सेरियम ऑक्साइडने मात्र घाव घातला तो मुळाशी: जास्त मात्रेत गाठींमधलं नत्र स्थिर करण्याचं काम जवळजवळ थांबलं. पुढच्याच वर्षी ड्यूक विद्यापीठाने सांडपाण्याच्या गाळातून अगदी थोडी चांदी मातीत दिली, तर तिथल्या सूक्ष्मजीवांचं एकूण वजन घटलं आणि नायट्रस ऑक्साइड कितीतरी जास्त बाहेर पडला.

सगळं वाईटच निघालं असंही नाही. त्याच २०१३ मध्ये जोधपूरच्या काझरी या संशोधन संस्थेतले रमेश रालिया आणि जे. सी. तरफदार यांनी बुरशीकडून बनवून घेतलेलं जस्त ऑक्साइड अगदी कमी मात्रेत गवारीच्या पानांवर फवारलं. मुळांभोवती स्फुरद मोकळं करणारी विकरं वाढली, सूक्ष्मजीवही वाढले. कण कोणता, किती, पानावर की मातीत, यावर सगळं ठरतं. ‘नॅनो’ या एका नावाखाली सगळ्यांना बसवणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

याच रालियांनी पुढे इफको या खत सहकारी संस्थेसाठी नॅनो युरिया विकसित केला. २०२१ मध्ये तो बाजारात आला, २०२३ मध्ये नॅनो डीएपी. नॅनो युरियाची अर्धा लिटरची बाटली युरियाच्या ४५ किलोच्या गोणीऐवजी चालेल, असा दावा होता. साधा हिशेब करा: गोणीत सुमारे २० किलो नत्र असतं, तेव्हाच्या ४ टक्क्यांच्या बाटलीत २० ग्रॅमच्या आसपास. पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत नेहमीचं नत्र कमी करून ही फवारणी दिली, तेव्हा गहू २१.६ टक्के आणि भात १३ टक्के कमी पिकला. वाद पेटला तो उत्पन्नावरून, आणि ते स्वाभाविक होतं. शेतकऱ्याचा खिसा तिथेच आहे.

पण त्या गदारोळात मुळांकडे फारसं कुणी वळलं नाही. केंद्राने २०२० मध्ये नॅनो कृषी उत्पादनांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, ही चांगली गोष्ट झाली. त्यापुढे मराठवाडा-विदर्भात, सोयाबीनच्या शिवारात, सलग काही हंगाम चाचण्या हव्यात. आपला शेतकरी पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळतो. नंतर वरून जे फवारलं जातं ते त्या जिवाणूंशी कसं वागतं, हे त्याला कळायला नको का? फुलोऱ्यात झाडं अलगद उपटायची, गाठी मोजायच्या, कापून पाहायच्या. आतून गुलाबी असेल ती गाठ कामाची. उत्पन्नाच्या आकड्याशेजारी या मोजणीचाही एक रकाना असावा, एवढं काम कृषी विद्यापीठांना येत्या खरिपापासूनही हाती घेता येईल.