किसान कॉल सेंटर

किसान कॉल सेंटर ही भारत सरकारच्या कृषी मंत्रालयाची दूरध्वनीवरून शेतीविषयक सल्ला देणारी निःशुल्क सेवा आहे. तिचा प्रारंभ २१ जानेवारी २००४ रोजी झाला. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मराठीसह अनेक भारतीय भाषांतून उत्तरे दिली जातात.

कार्यपद्धती

शेतकऱ्याचा प्रश्न प्रथम कृषी शिक्षण घेतलेला सल्लागार ऐकतो. त्याला उत्तर देता न आल्यास प्रश्न वरिष्ठ तज्ज्ञांकडे सोपविला जातो. सल्लागारास पीक दिसत नसल्याने निदान शेतकऱ्याने केलेल्या वर्णनावर अवलंबून असते.

हिंगोली जिल्ह्यातील पिकांचे उदाहरण

सोयाबीन आणि हळद ही हिंगोली जिल्ह्यातील महत्त्वाची पिके आहेत. ‘सोयाबीन पिवळे पडले’ एवढ्यावरून कारण निश्चित होत नाही. चुनखडीयुक्त जमिनीत लोहाच्या कमतरतेमुळे कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात; फेरस सल्फेटच्या फवारणीने असे पीक सावरू शकते. पिवळा मोझॅक हा विषाणुजन्य रोग मात्र पांढरी माशी पसरविते. त्यात पानांवर अनियमित पिवळे चट्टे पडतात. रोगट झाड बरे होत नाही. ते उपटून नष्ट करावे लागते व माशीचे नियंत्रण करावे लागते. निदान चुकल्यास फवारणीचा खर्च वाया जातो आणि दरम्यान रोग शेतभर पसरतो.

मर्यादा

व्हॉट्सॲप गटांवर छायाचित्र पाठवून सल्ला मागितला, तरी त्यात मुळे व जमिनीतील ओल सहसा दिसत नाही. हळदीच्या कंदकुजीसारख्या रोगात कंद उपटून पाहणे आवश्यक ठरते. प्रत्यक्ष मार्गदर्शनासाठी कळमनुरी तालुक्यातील तोंडापूर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे.