समुद्र नसलेल्या शहरातून किनाऱ्याची राखण

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचावर आहे. लाटेचा आवाजही तिथे पोचत नाही. तरी 2008 मध्ये स्थापन झालेल्या ‘दक्षिण फाउंडेशन’चे लक्षद्वीप, अंदमान आणि ओडिशातले किनाऱ्याचे काम याच शहरातून चालते.

या कामातले मच्छीमारांना दिले जाणारे तांत्रिक साहाय्य म्हणजे नेमके काय? लक्षद्वीपचे उदाहरण घ्या. तिथे ट्यूना गळाने पकडतात. त्यासाठी आमिष म्हणून लागणारे बारीक जिवंत मासे खाजणातून धरावे लागतात. ते संपले तर ट्यूनाही हुकतो. म्हणून मच्छीमारच नोंदवहीत लिहितात: आमिष किती, मासळी किती, होडी कुठे गेली. आकड्यांची छाननी शास्त्रज्ञ करतात, पण निष्कर्ष बेटावर परत जातो. माझ्या मते खरे काम हेच. नकाशे आणि अहवाल त्यानंतरचे.

किनाऱ्यावर असे काम चालवणाऱ्याला जीवशास्त्राइतकाच कायदाही कळावा लागतो. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना 1991 मध्ये निघाली, 2011 आणि 2019 मध्ये ती नव्याने आली. भरतीरेषेपासून जमिनीकडे साधारण 500 मीटरपर्यंतचा समुद्रकाठ तिच्या कक्षेत येतो.