खोडदची शांतता

दिल्लीच्या सरोजिनी नगरातील बाजारात सायंकाळी दोन प्रकारचा गलबला असतो. एक विक्रेत्यांच्या हाकांचा. तो कानी पडतो. दुसरा भ्रमणध्वनी आणि विद्युत उपकरणांतून निघणाऱ्या रेडिओलहरींचा. तो कोणालाच जाणवत नाही. या दुसऱ्या गलबल्याचे मोल कळावे, यासाठी पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळचे खोडद पाहावे. तेथील ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ ही वेधशाळा २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या सुमारास सर्वांना खुली असते.

‘दुर्बीण’ हा शब्द येथे थोडा फसवा ठरतो, कारण डोळा लावावा असे येथे काहीच नाही. शेतांमधून आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, एवढेच दृश्य. त्यांपैकी १४ मध्यभागी आहेत. उरलेल्या १६ तीन दिशांना पसरल्या आहेत. त्यांतील कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर. सर्वांचे संकेत एकत्र जुळविले म्हणजे तपशील टिपण्यापुरती ती तेवढ्याच विस्ताराची एक दुर्बीण होते. तबकडीचा पृष्ठभाग तारांच्या जाळीचा आहे. लहरींची लांबी जाळीच्या छिद्रांहून पुष्कळ मोठी असल्याने त्यांना ती सलग भासते. वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे बांधणी हलकी व स्वस्त झाली.

या कल्पकतेचे श्रेय गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांचे. तिचा एक धागा दिल्लीशी जुळतो. सिडनीजवळ वापरून झालेल्या, सहा फुटी ३२ तबकड्या ऑस्ट्रेलियाकडून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेला मिळाल्या होत्या. स्वरूप यांनी १९६५ मध्ये त्याच कल्याणला उभारून सूर्याचे वेध घेतले.

दूरस्थ दीर्घिकांचे संकेत अत्यंत क्षीण असतात. चंद्रावर चालू ठेवलेला एखादा भ्रमणध्वनीदेखील आकाशातील प्रखर रेडिओस्रोतांत गणला जाईल. म्हणूनच येथे पाहुण्यांना आपापले दूरध्वनी बंद ठेवण्यास सांगतात. जागा निवडताना मानवनिर्मित रेडिओगोंगाट कमी असणे हा एक प्रमुख निकष होता.

परंतु शांतता एकदा निवडून कायमची मिळत नाही. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेच्या आखणीत या वेधशाळेचा प्रश्न आडवा आला, तेव्हा दोन रास्त गरजा समोरासमोर उभ्या राहिल्या. परिसरातील लोकांना दळणवळण हवेच. विज्ञानाला निःशब्द आकाश हवे. प्रकाशाची दुर्बीण डोंगरमाथ्यावर एकाकी राहू शकते. खोडदची दुर्बीण मात्र शेजाऱ्यांच्या संमतीवर जगते. तिचे दार लोकांना उघडे ठेवणे हा म्हणूनच निव्वळ सौजन्याचा भाग नाही. जे ऐकूच येत नाही ते जपायचे कशासाठी, हे ज्यांना कळेल तेच ते जपतील.