फ्लॉरिडा ए अँड एम विद्यापीठाचा फुटबॉल संघ

फ्लॉरिडा ए अँड एम विद्यापीठाचा फुटबॉल संघ : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) फ्लॉरिडा राज्याच्या टॅलहॅसी ह्या राजधानीतील, कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ. तो ‘रॅटलर्स’ ह्या नावाने ओळखला जातो. हे नाव शेपटीने खुळखुळ्यासारखा आवाज करणाऱ्या विषारी सर्पावरून पडले. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने १९७८ मध्ये ‘एक-एए’ हा नवा विभाग निर्माण केला व त्याच वर्षी त्याची पहिली अजिंक्यपद-स्पर्धा ह्या संघाने जिंकली. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठाच्या संघाला हे अजिंक्यपद त्यानंतर मिळालेले नाही.

अमेरिकन फुटबॉल हा खेळ रग्बीपासून विकसित झाला. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असून दोन गोलरेषांमधील अंतर १०० यार्ड असते. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. तसे न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू हाती घेऊन धावणे किंवा तो पुढील खेळाडूकडे फेकणे, हे चढाईचे दोन मुख्य प्रकार होत.

पार्श्वभूमी : यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांत वंशविभक्त शिक्षणपद्धती रूढ झाली. फ्लॉरिडा राज्याने १८८७ मध्ये टॅलहॅसी येथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी अध्यापक-विद्यालय काढले. आरंभी तेथे केवळ पंधरा विद्यार्थी व दोन शिक्षक होते. १८९० च्या दुसऱ्या मॉरिल अधिनियमान्वये कृष्णवर्णीयांना प्रवेश न देणाऱ्या राज्यांना त्यांच्यासाठी वेगळी कृषी व यांत्रिक शिक्षणसंस्था चालविणे भाग पडले व ह्या अनुदानाचा लाभ टॅलहॅसीच्या संस्थेस मिळाला. १९५३ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला.

कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील पहिला फुटबॉल सामना १८९२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील सॉल्झबरी येथे बिडल व लिव्हिंग्स्टन ह्या संस्थांत झाला. दक्षिणेतील श्वेतवर्णीय संघ ह्या संघांशी खेळत नसत. त्यामुळे त्यांच्या स्पर्धा, त्यांचा प्रेक्षकवर्ग व त्यांची अजिंक्यपदेही वेगळी राहिली. पिट्सबर्ग कूरिअर हे कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र १९२० पासून त्यांच्यातील राष्ट्रीय विजेता घोषित करू लागले. फ्लॉरिडा ए अँड एमच्या पुढाकाराने १९३३ मध्ये सुरू झालेला ‘ऑरेंज ब्लॉसम क्लासिक’ हा वार्षिक सामना पुढे मायामी येथे भरू लागला व कृष्णवर्णीय समाजाचा तो एक मोठा सोहळाच बनला.

गेदर ह्याची कारकीर्द : ॲलन्झो जेक गेदर (१९०३–९४) हा १९४५ ते १९६९ ह्या काळात संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. त्याच्या संघाने २०३ सामने जिंकले, ३६ गमावले व ४ बरोबरीत सोडविले. चढाईच्या फळीतील खेळाडूंमध्ये नेहमीपेक्षा अधिक अंतर ठेवण्याची रचना त्याने प्रचारात आणली. त्यामुळे बचाव करणाऱ्यांना एकतर स्वतः विखुरावे लागे किंवा फळीतील फट मोकळी सोडावी लागे; दोन्ही परिस्थितींत वेगवान धावपटूला वाट मिळे. ह्या रचनेवर त्याने १९६३ मध्ये पुस्तकही लिहिले. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये १०० मी. धावण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविणारा बॉब हेझ हा त्याचाच खेळाडू होय. १९६९ मध्ये ह्या संघाने टँपा विद्यापीठाच्या प्रामुख्याने श्वेतवर्णीय असलेल्या संघास ३४–२८ असे हरविले. दक्षिणेत अशा दोन संघांमधील हा पहिला सामना मानला जातो.

१९७८ चा हंगाम : १९७४ मध्ये रूडी हबर्ड हा मुख्य प्रशिक्षक झाला. ओहायओ राज्य विद्यापीठात तो वुडी हेझ ह्या प्रसिद्ध प्रशिक्षकाच्या हाताखाली आधी खेळाडू व नंतर साहाय्यक प्रशिक्षक होता. त्याच्या मार्गदर्शनाखाली संघाने १९७७ च्या हंगामातील सर्व अकरा सामने जिंकले. तथापि हे यश कृष्णवर्णीय संघांच्या स्वतंत्र वर्तुळातच मोजले गेले. त्या वर्तुळाबाहेर त्याची कसोटी लागली नव्हती.

ही संधी पुढील वर्षी मिळाली. महाविद्यालयीन फुटबॉलच्या पहिल्या विभागाचे १९७८ मध्ये दोन भाग करण्यात आले व ‘एक-एए’ ह्या भागासाठी चार संघांची बाद पद्धतीची स्पर्धा ठरली. फ्लॉरिडा ए अँड एम, जॅक्सन राज्य, मॅसॅचूसेट्स व नेव्हाडा-रीनो हे ते चार संघ होत. हंगामात केवळ एक पराभव पतकरलेल्या फ्लॉरिडा ए अँड एमने उपांत्य सामन्यात जॅक्सन राज्य ह्या दुसऱ्या कृष्णवर्णीय विद्यापीठाच्या संघास १५–१० असे नमविले. १६ डिसेंबर १९७८ रोजी टेक्सस राज्यातील विचिटा फॉल्स येथे झालेल्या अंतिम सामन्यात त्याने मॅसॅचूसेट्सवर ३५–२८ असा विजय मिळविला. ह्या विजयाचा पाया धावत्या चढाईने घातला. माइक सॉलोमन ह्या एकट्या खेळाडूने धावून २०७ यार्डांची मजल मारली. बारा विजय व एक पराभव अशी हंगामाची अखेर झाली. पुढील वर्षी संघाने वरच्या विभागातील मायामी विद्यापीठाचाही १६–१३ असा पराभव केला. हेच मायामी विद्यापीठ १९८३ च्या हंगामात राष्ट्रीय विजेते ठरले.

महत्त्व : ह्या अजिंक्यपदाचे महत्त्व त्याच्या काळावरून ध्यानात येते. वंशविभाजन असेपर्यंत दक्षिणेतील गुणी कृष्णवर्णीय खेळाडूंना ह्याच महाविद्यालयांचा आश्रय होता. परंतु आपली गुणवत्ता सर्वांसमक्ष सिद्ध करण्याची वाट त्यांना बंद होती. १९७० नंतर दक्षिणेतील मोठी श्वेतवर्णीय विद्यापीठे ह्या खेळाडूंना प्रवेश व शिष्यवृत्त्या देऊ लागली. खेळाडूंच्या दृष्टीने हा न्यायच होता. मात्र मोठी क्रीडांगणे, विपुल निधी व दूरचित्रवाणीवरील प्रसिद्धी ह्यांच्याशी स्पर्धा करणे कृष्णवर्णीय महाविद्यालयांना उत्तरोत्तर कठीण झाले. जॅक्सन राज्यचा वॉल्टर पेटन किंवा मिसिसिपी व्हॅली राज्यचा जेरी राइस ह्यांच्यासारखे श्रेष्ठ खेळाडू तेथून निपजले, तरी संपूर्ण संघाचे बळ टिकविणे दुष्कर ठरले. खुल्या स्पर्धेचे दार उघडले होते आणि जुने बळ अद्याप ओसरले नव्हते, अशा अल्पकाळात १९७८ चा विजय घडला. समतेमुळे संधी मिळाली आणि तिच्यामुळेच संघाचा विशेष आधारही गेला, ही विसंगती ह्या हंगामाच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

उत्तरकाल : हबर्डने १९८५ मध्ये पद सोडले, २०२१ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मानदालनात त्याची निवड झाली. गेदरला हा मान १९७५ मध्येच लाभला होता. ‘एक-एए’ विभागाचे नाव २००६ मध्ये बदलण्यात आले. २०१५ पासून कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या दोन प्रमुख मंडळांचे विजेते अटलांटा येथील ‘सेलिब्रेशन बोल’ ह्या सामन्यात परस्परांशी खेळू लागले. १६ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे विचिटा फॉल्सच्या विजयास बरोबर ४५ वर्षे झाली त्या दिवशी, फ्लॉरिडा ए अँड एमने हौअर्ड विद्यापीठास ३०–२६ असे हरवून हा सामना जिंकला. त्या हंगामाचीही अखेर बारा विजय व एक पराभव अशीच झाली.