'सिफर' ऐकलाय का?

लकी अली म्हटलं की आपल्या मेसमध्ये कुणालाही 'ओ सनम'च आठवतं. ते 'सुनोह' (१९९६) या पहिल्या अल्बममधलं. पण माझं मत विचाराल, तर खरा लकी अली कळतो तो १९९८ च्या 'सिफर'मध्ये. सिफर म्हणजे शून्य. (माझ्या एम-थ्रीच्या मार्कांशी संबंध नाही!)

पहिल्यात विरहाची हाक होती. इथे तो हाक मारत नाही, स्वतःशीच बोलतो. 'देखा है ऐसे भी' नीट ऐका. दुसरा कुणी असता तर आवाज चढवला असता. हा श्वास, खरखर सगळं तसंच ठेवून सहज गात राहतो. संगीताच्या बाजूला न्यूझीलंडचा माइकी मॅक्लिअरी दोन्ही वेळा होता, तरी 'सिफर'मध्ये गिटारभोवती मोकळी जागा जास्त वाटते. गवयांच्या मापाने हा गळा लहानच, मान्य. पण आपली रेंज ओळखून गाणं तिच्यात बसवणं, ही वाढच की राव!

मला केटी लागली त्या रात्री रूम पार्टनरने काही न बोलता हीच कॅसेट लावली होती. बी साइड संपेपर्यंत कुणी लाइट लावला नाही.