रेडिओ घड्याळ आणि उन्हाळी वेळ

जर्मनीहून आणलेले रेडिओ-नियंत्रित घड्याळ बंगळूरच्या भिंतीवर साध्या क्वार्ट्झ घड्याळासारखेच चालते. त्याला वेळ सांगणारा संदेश इथवर पोहोचत नाही. फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेन येथील डीसीएफ-७७ केंद्र तो ७७.५ किलोहर्ट्झवर प्रक्षेपित करते आणि साधारण २,००० किलोमीटरपर्यंतच तो भरवशाने पकडता येतो.

हे केंद्र दर सेकंदाला लहरीची ताकद क्षणभर उतरवते. ०.१ सेकंद उतरली की शून्य, ०.२ सेकंद उतरली की एक. अशा खुणांतून मिनिटभरात वेळ, वार आणि तारीख कळते. ५९व्या सेकंदाला खूण नसते, त्यावरून नवे मिनिट सुरू होणार हे घड्याळ ओळखते. १७व्या आणि १८व्या सेकंदाच्या खुणा उन्हाळी वेळ चालू आहे की नेहमीची, ते सांगतात. १६व्या सेकंदाची खूण बदलाची सूचना तासभर आधी देते. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनचे थेट तीन वाजतात. घड्याळाला तारखा पाठ असाव्या लागत नाहीत. सरकारने उद्या नियम बदलला, तरी जुने घड्याळ निमूटपणे नवी खूण पाळते, आणि या व्यवस्थेचा हाच सर्वांत मोठा गुण. ऑक्टोबरात तास मागे घेताना काट्यांची मात्र पंचाईत होते: ज्या घड्याळांची मोटर उलटी फिरत नाही, त्यांपैकी अनेकांचे काटे चक्क ११ तास पुढे धावून जागेवर येतात.

अमेरिकेत फोर्ट कॉलिन्सचे डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी केंद्र जागतिक प्रमाणवेळ आणि उन्हाळी वेळेची खूण पाठवते. आपला विभाग घड्याळावर मालकाने निवडायचा. अ‍ॅरिझोनाच्या बहुतेक भागात उन्हाळी वेळ नाही, त्यामुळे तिथे ती सोय बंद ठेवावी लागते.

भारतात महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५, घड्याळे तासभर पुढे होती. आज बारा महिने जागतिक वेळेत साडेपाच तास मिळवले की झाले. बंगळूरजवळ ब्यालालूला इस्रोच्या ‘नाविक’ उपग्रहप्रणालीची वेळ अणुघड्याळांवर राखली जाते.

तरीही परदेशातील बदलाची झळ या शहराला बसतेच. जर्मनीशी असलेला साडेचार तासांचा फरक उन्हाळ्यात साडेतीनवर येतो, न्यूयॉर्कशी असलेला साडेदहाचा साडेनऊवर. अमेरिका मार्चच्या दुसऱ्याच रविवारी तास पुढे करते, युरोप महिनाअखेरीस. मधल्या दोन-तीन आठवड्यांत आयटी कार्यालयांतील तिहेरी बैठकांची वेळ नव्याने जुळवावी लागते.